मागच्याला हाक

“पुस्तकात दाखवा, वस्ताद. कुठल्या नियमात लिहिलंय, की खड्डा मागच्याला दाखवायलाच पाहिजे?”

दस्तगीर वस्ताद सायकलच्या साखळीला तेल घालत होते. बोटांनी एक कडी चाचपायची, तिच्यावर एक थेंब सोडायचा. मग पुढची कडी.

“कुठंच नाही,” ते म्हणाले.

“मग?”

“मग काही नाही.”

श्रेणिक मगदूम याला असलं उत्तर नको होतं. त्याला भांडण हवं होतं. भांडण झालं असतं तर ते जिंकता आलं असतं.

तेवीस वर्षांचा हा मुलगा तीन आठवड्यांपूर्वी राज्याचा अजिंक्य सायकलपटू झाला होता. युरोपातल्या एका व्यावसायिक टीमने त्याला बोलावलं होतं. दोन वर्षांचा करार, परदेशात राहणं, वर्षाला सत्तर शर्यती. सगळं ठरलं होतं. फक्त एक कागद राहिला होता. टीमचा रिवाज असा, की ज्याने खेळाडूला पहिल्यांदा घडवलं, त्याचं पत्र लागतं. माणूस कसा आहे, हे त्याने लिहायचं आणि खाली सही करायची.

श्रेणिकला घडवलं होतं वस्तादांनी. घाटमाथ्यावरच्या या पत्र्याच्या शेडमध्ये, वयाच्या तेराव्या वर्षापासून. गेलं दीड वर्ष मात्र तो शहरात सरावाला होता, इकडे फिरकला नव्हता.

“नियम मोडला नाही ना मी? मग सही करा. दुपारपर्यंत पाठवायचंय.”

“शर्यतीत काय झालं, ते सांग.”

“अख्ख्या जिल्ह्यानं व्हिडिओ बघितलाय!”

“मी नाही बघितला. तू सांग.”

श्रेणिकने सांगितलं. उभ्या उभ्या, घाईघाईने.

रस्त्यावरच्या शर्यतीत सायकली एकमेकींच्या मागे धावतात. मागच्याचं पुढचं चाक पुढच्याच्या मागच्या चाकापासून जेमतेम वीतभर. पुढचा वारा अंगावर घेतो, मागचा त्याच्या आडोशाला दम राखतो. याला चाक धरणं म्हणतात. थोड्या वेळाने जागा बदलायच्या. चाक धरलेल्याला रस्ता दिसत नाही. त्याला दिसते पुढच्याची पाठ. म्हणून पुढचा माणूस हात खाली सोडतो आणि बोटाने दाखवतो. इथे खड्डा. इथे खडी. हे कुणी शिकवत नाही. पहिल्या दिवशी सगळे करत असतात, म्हणून आपणही करतो.

“शेवटचे चार किलोमीटर राहिले होते. बाकीचे लांब मागं. मी आणि तो नवनाथ खिलारे, दोघंच. मी पुढं, त्यानं माझं चाक धरलेलं. पाइपवाल्यांनी रस्ता आडवा खणला होता. वीतभर खोल चर. मी उडी मारली, सायकलसकट. तो पडला. बस.”

“हात कुठं होता?”

“हॅण्डलवर.”

“कुठला?”

“… दोन्ही.”

वस्तादांनी पुढची कडी चाचपली.

“दाखवायला वेळ नव्हता?”

श्रेणिक उत्तर देणार होता. ते उत्तर त्याने पत्रकारांना दिलं होतं, संघटनेच्या लोकांना दिलं होतं, आईला दिलं होतं.

इथे ते बाहेर पडेना.

“होता,” तो म्हणाला. मग एकदम चिडून, “होता वेळ! पण शर्यत होती, वस्ताद. मी ढकललं का त्याला? आडवा गेलो का? मी फक्त… गप्प राहिलो.”

“हां.”

“गप्प राहणं गुन्हा आहे?”

वस्तादांनी तेलाची बाटली खाली ठेवली. “नवनाथ कसा आहे?”

“गळपट्टीचं हाड मोडलं. जबडा तारेनं बांधलाय. नळीनं पेज पितो म्हणे.”

“म्हणे? भेटला नाहीस?”

“फोन केला होता.”

“जबडा बांधलेल्या माणसाला?”

कोपऱ्यात त्याची सायकल उभी होती. कार्बनची, सात किलोची. शेजारी वस्तादांची लोखंडी. श्रेणिकने हातातला कागद पुढे केला. पत्र त्याने स्वतःच छापून आणलं होतं. शिस्तप्रिय, प्रामाणिक, सहकाऱ्यांची काळजी घेणारा. खाली ठिपक्यांची रेघ.

“तुम्हाला लिहायचा त्रास नको म्हणून तयारच आणलंय. फक्त सही.”

“करतो की.” वस्ताद उठले. “आधी घाट उतरू. खाली फुलाबाईकडं चहा पिऊ, तिथंच सही करतो. तू पुढं हो. मी तुझं चाक धरतो.”

श्रेणिक हसला. वस्ताद सदुसष्ट वर्षांचे होते.

“तुम्ही? वस्ताद, मी ताशी साठनं उतरतो.”

“उतर की.”

“मागं राहिलात तर थांबणार नाही हां.”

“नको थांबू. एक कर. वाटेत जे काही येईल ते सांग. पण हातानं नको दाखवू. ओरडून सांग.”

“ओरडून? का?”

“म्हातारपणाची हौस समज.”

श्रेणिकला कळलं. निदान त्याला तसं वाटलं. ही शिक्षा होती. चुकलेला शब्द शंभर वेळा लिहायला लावतात तशी. राज्याचा अजिंक्य सायकलपटू, आणि घाटभर बोंबलत जायचं. ठीक आहे. एका सहीसाठी तेही करू.

घाटाला अकरा वळणं. सकाळचं ऊन नुकतंच दरीत उतरू लागलं होतं.

“खड्डा, डावीकडं!”

“हां,” मागून आवाज.

“खडी!”

“हां.”

“शेण! मधोमध!”

“हां.”

तिसऱ्या वळणावर श्रेणिकने वेग वाढवला. म्हातारा सुटेल, आणि हे नाटक संपेल. त्याने मागे कान दिला. लोखंडी सायकलच्या फ्रीव्हीलची किरकिर तेवढ्याच अंतरावर होती. वीतभर.

पाचव्या वळणावर त्याने ब्रेकला बोट लावलं नाही. किरकिर तिथेच.

त्याला अभिमान वाटला, आणि रागही आला. माझ्याइतकंच उतरता येतं ना यांना? मग स्वतःचे डोळे वापरावेत. रोज याच घाटात असतात. दगड न् दगड ओळखीचा असणार. मी कशाला बोंबलू?

सातव्या वळणाच्या पुढे मोरी आहे. डोंगराचं पाणी तिथे रस्त्याखालून जातं. मोरीच्या कडेला रस्ता खचला होता. आडवी फट, हातभर रुंद.

श्रेणिकने ती लांबूनच पाहिली.

तोंड उघडलं…

आणि मिटलं.

बघू या, त्याच्या मनात आलं. एवढंच. बघू या.

त्याने गुडघे वाकवले, हॅण्डल वर ओढलं आणि सायकलसकट फटीवरून उडाला.

मागे धप्प आवाज झाला. लोखंडाचा. मग काहीच नाही. किरकिर नाही, श्वास नाही, काही नाही. चाकं चार-पाच वेळा फिरतील एवढाच वेळ गेला असेल.

मग पुन्हा किरकिर. वीतभर मागे.

पक्का आहे म्हातारा, श्रेणिक मनात म्हणाला. त्याचं त्यालाच हसू आलं. बघा, नाही सांगितलं तरी काही होत नाही. ज्याचं त्याला दिसतं.

आठव्या वळणावर त्याने पुन्हा हाक दिली. “खड्डा, उजवीकडं!”

“हां,” मागून आलं. पहिल्यासारखंच.

घाटाच्या पायथ्याला फुलाबाईंचं चहाचं खोपटं आहे. श्रेणिकने सायकल झाडाला टेकवली, घड्याळात वेळ पाहिली आणि खूश झाला. वस्ताद सायकलवरून उतरले आणि ती धरून नुसते उभे राहिले.

फुलाबाई हातातलं भांडं तसंच ठेवून बाहेर धावल्या.

“वस्ताद! सायकल? तुम्ही सायकलवरनं आलात?”

“चहा टाक, फुलाबाई.”

“चहा गेला चुलीत! वर्ष झालं काठी टेकत टेकत येताय, आणि आज सायकल? जीव नकोसा झालाय का?” त्यांनी वस्तादांचा दंड धरला. “बाकडं उजव्या हाताला. दोन पावलं. अजून एक. हां, बसा.”

श्रेणिक बघत होता. त्याला काही कळत नव्हतं. वस्ताद आधी हाताने बाकडं चाचपून मग बसले.

“आणि हे काय? रक्त?”

वस्तादांचा उजवा तळवा फाटला होता. खालच्या ओठावर दात रुतल्याची खूण होती.

“मोरीपाशी धक्का बसला जरा,” वस्ताद म्हणाले. “आधी तिथं काही नव्हतं.”

“या पावसाळ्यात खचलीय ती. येणारा-जाणारा जो तो शिव्या घालतोय.” फुलाबाई श्रेणिककडे वळल्या. “तू पुढं होतास न्हवं? मग सांगितलं नाहीस त्यांना?”

“मी… त्यांना दिसत…”

“दिसतंय कुठं! डोळ्याचा पडदा गेलाय त्यांचा. दोन्ही डोळ्यांचा. समोर उभं राहिलं तर माणूस दिसत नाही त्यांना. तुला ठाऊक नाही? गावात मोठा फलक लावलाय, वस्तादांचा शिष्य म्हणून. शिष्य म्हणे!”

तो वस्तादांच्या समोर आला. अगदी समोर. त्याने आपला हात त्यांच्या तोंडापुढे धरला.

वस्तादांची नजर हलली नाही.

त्याने हात थोडा बाजूला नेला.

“हलवू नको,” वस्ताद म्हणाले. “कडेचं दिसतं थोडं. झाडी कुठं संपते आणि रस्ता कुठं लागतो तेवढं. मधलं गेलंय.”

“तुम्ही… साठनं उतरलात…”

“तूच उतरवलंस.”

“मेला असतात तुम्ही!”

“हां.”

“हां काय, हां? वस्ताद, तुम्हाला वेड लागलंय का? दरी आहे बाजूला! कठडा नाही! काही दिसत नसताना… मला सांगितलं का नाही?”

“घाट पाठ आहे मला. चाळीस वर्षं उतरतोय. वळणं पाठ होतात. खड्डे होत नाहीत. ते दर पावसाळ्याला नवे.”

“म्हणून तर! म्हणून तर वर्षभर सायकलला हात लावला नाहीत ना? मग आजच का?”

वस्तादांना हा प्रश्नच अजब वाटला असावा.

“आज तू होतास ना पुढं.”

श्रेणिक खाली बसला. बाकड्यावर नाही, जमिनीवर. फुलाबाईंनी चिंधी भिजवून वस्तादांच्या तळव्याला बांधायला घेतली. चहा उतू गेला, तरी कुणी उठलं नाही.

मग श्रेणिक बोलला. जमिनीकडे बघत.

“मला ती फट दिसली होती, वस्ताद. चांगली लांबून दिसली होती. मी मुद्दाम नाही सांगितली.”

फुलाबाईंचे हात थांबले.

“माहीत आहे,” वस्ताद म्हणाले.

“माहीत आहे? कसं?”

“तू उडी मारलीस. तुझ्या चाकांचा रस्त्यावरचा आवाज गेला आणि पुन्हा आला. खाली काही बघितल्याशिवाय कोण उडी मारतं?”

“म्हणजे… मोरीपासूनच तुम्हाला…”

“उडी ऐकली आणि हॅण्डल घट्ट धरलं. तेवढंच हातात होतं.”

श्रेणिकने मान वर केली. एक गोष्ट त्याच्या आत्ता ध्यानात येत होती, आणि ती पहिलीपेक्षा भयंकर होती.

“त्याच्यापुढं अजून चार वळणं होती, वस्ताद.”

“हां.”

“ब्रेक लावायचा होता. थांबायचं होतं. माझं चाक सोडायचं होतं! मी पुन्हा ओरडलो, तर तुम्ही… तुम्ही हां म्हणालात!”

“तू हाक दिलीस.”

“पण ती खोटी असती तर? डावीकडचा खड्डा मी उजवीकडं सांगितला असता तर?”

फुलाबाईंनी आणून दिलेला पेला वस्तादांनी डाव्या हाताने घेतला. उजव्या हाताच्या चिंधीतून लाल डाग पसरत होता.

श्रेणिकला नवनाथ दिसला. पडताना तो ओरडला नव्हता. तेवढाही वेळ त्याला मिळाला नव्हता. आवाज झाला होता तो हाडाचा, आणि मग सायकल रस्त्यावर घासत गेल्याचा. श्रेणिकने मागे वळून पाहिलं नव्हतं. पुढे चार किलोमीटरवर शेवटची पट्टी होती. लोक टाळ्या वाजवत होते. हारतुरे झाले, फोटो झाले, आणि त्या दिवशी तरी त्या चराचं नावही कुणी काढलं नाही.

त्याने जर्सीच्या मागच्या खिशातून कागद काढला. तो फाडण्यासाठी दोन्ही हातांत धरला.

“इकडं दे,” वस्ताद म्हणाले.

“नको, वस्ताद. मला नाही जायचं आता.”

“दे म्हटलं ना.”

त्याने दिला. वस्तादांनी कागद गुडघ्यावर सपाट केला.

“अक्षरं कुठल्या बाजूला आहेत?”

“… वरच्या.”

वस्तादांनी कागद उलटा केला. कोरी बाजू वर आली. त्यांनी अंगठ्याने कागदाची खालची कड शोधली.

“फुलाबाई, पेन आहे?”

फुलाबाईंनी पत्र्याच्या डब्यातून पेन काढून दिलं. त्या आता श्रेणिककडे बघत नव्हत्या.

वस्तादांनी सही केली. सावकाश. दस्तगीर मुल्ला. शेवटचं अक्षर कागदाबाहेर गेलं, विजारीवर उमटलं. सहीच्या शेजारी तळव्याचा लाल ठसा उठला.

सहीच्या वर सगळा कागद कोरा होता.

त्यांनी तो समोर धरला. समोर कुणीच नव्हतं, श्रेणिक थोडा डावीकडे बसला होता. श्रेणिकने सरकून कागद घेतला.

“वरचं तू लिही,” वस्ताद म्हणाले.

“मी? काय लिहू?”

वस्ताद चहा प्यायले.

“नवनाथचं लिहू? मोरीचं लिहू? वस्ताद, ते लिहिलं तर ती माणसं मला उभं करणार नाहीत. दहा वर्षांची मेहनत… पहाटे चारला उठवून तुम्हीच तर…”

वस्तादांनी अजून एक घोट घेतला.

“आणि नाही लिहिलं तर? मागच्या बाजूला छापलंय तेच लिहिलं तर? तुमची सही आहे खाली. जगात कुणाला कळणार नाही. तुम्हालाही नाही!”

श्रेणिकने कागद त्यांच्यापुढे धरला.

“असं नका करू, वस्ताद.” तो आता रडत होता, आणि ते त्याला ठाऊक नव्हतं. “मला शिव्या द्या. मारा. सही परत घ्या. माझ्यासारख्याच्या हातात असा कोरा कागद कोण देतं? अर्ध्या तासापूर्वी मी तुम्हाला…”

वस्तादांनी पेला खाली ठेवला. बाकडं चाचपून ते उठले. फुलाबाई पुढे झाल्या, तशी त्यांनी मान हलवून नको म्हटलं.

श्रेणिकचा आवाज जिकडून येत होता तिकडे त्यांनी तोंड वळवलं.

“लिहून झालं की पाकिटात घाल आणि टपालात टाक,” ते म्हणाले. “मला वाचून दाखवू नकोस.”